अमेरिकेच्या खडकावरचा प्रिंटर

प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीने जगाचे चार प्रदेश केले होते आणि ते करताना कोणाला विचारलं नव्हतं. अमेरिका हा एक प्रदेश. आशियाचे दोन. उरलेला चौथा म्हणजे युरोप, मध्यपूर्व आणि आफ्रिका मिळून एकच, त्यामुळे शाईपुरतं बोलायचं तर रेक्याविक आणि खार्टूम ही शेजारची गावं होती. एका प्रदेशात घेतलेल्या प्रिंटरला दुसऱ्या प्रदेशातली शाई चालत नसे. कार्ट्रिज तेच, शाई तीच, खोक्याचा रंगही तोच. फक्त कार्ट्रिजच्या पाठीवर नखाएवढी एक चकती असे आणि ती प्रिंटरला सांगे, मी परकी आहे. अमेरिकेत ज्या किमतीला एक कार्ट्रिज मिळे तिच्या अडीचपट किंमत आइसलंडमध्ये पडे. यावर कंपनीचं म्हणणं असं, की प्रत्येक प्रदेशातल्या ग्राहकाच्या गरजा वेगळ्या असतात. आइसलंडच्या ग्राहकाची गरज बहुधा जास्त पैसे देण्याची होती.

सोलरूनच्या बाबांना हे मान्य नव्हतं. किमतीबद्दल तर नव्हतंच, पण त्याहून जास्त नकाशाबद्दल.

बाबा, म्हणजे कोल्बेन ऑर्मसन, भूमापन खात्यात होते. त्यांचा देश, आइसलंड, मधोमध चिरलेला आहे. चिरेच्या पश्चिमेची जमीन अमेरिकेच्या खडकावर बसलेली, पूर्वेची युरोपच्या, आणि हे दोन खडक दरसाल दोन सेंटिमीटरने एकमेकांपासून लांब जातात. बाबांनी बत्तीस उन्हाळे ते दोन सेंटिमीटर मोजण्यात घालवले होते. त्यामुळे शहराच्या पश्चिम भागातलं आपलं घर, घरातलं लिहायचं टेबल आणि टेबलावर नऊ वर्षांपूर्वी बॉस्टनहून आणून ठेवलेला प्रिंटर हे सगळं अमेरिकेत आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आपल्याला बॉस्टनच्या भावाने शाई मिळाली पाहिजे, तीही टपालाने घरपोच, असं त्यांनी कंपनीला कळवलं. पूर्वेबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. पूर्वेला खुशाल युरोपात ठेवा, असं तिसऱ्या पत्रात त्यांनी उदारपणे लिहिलं होतं.

अशी सतरा पत्रं गेली. पत्राला नकाशा जोडलेला, नकाशाला मोजमापांचा तक्ता. कंपनीचं उत्तर दर वेळी एकच येई: आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभारी आहोत, हे उत्तर आपल्याला उपयोगी पडलं का? बाबा ‘नाही’वर खूण करत आणि कारणं वेगळ्या कागदावर जोडून पाठवत.

तोवर शाई सामानातून येई. पोहण्याच्या तलावाशेजारी गरम पाण्याचं कुंड होतं, तिथे बाबा आणि त्यांच्याच वयाचे सहा जण रोज सकाळी साडेसहाला गळ्यापर्यंत पाण्यात बसत. कुणाची सून शिकागोला निघाली, कुणाचा नातू मिनियापोलिसला शिकायला गेला, की बातमी आधी कुंडात पोचे आणि बाबा बोटं वर करून सांगत, “दोन काळी, एक रंगीत.” त्या शाईने ते काय छापत, तर अंत्यविधीच्या पत्रिका. वर फोटो, आत भजनं, मागे जेवायला कुठे यायचं ते. कुंडातलं कुणी गेलं, कुणाची बायको गेली, की पत्रिका बाबा छापत, फुकट, एका अटीवर: छपाईच्या दुकानाला एक क्रोना द्यायचा नाही. अशा एक्केचाळीस पत्रिका त्यांनी छापल्या होत्या. माणसं मेल्यावर दुकानदार भाव वाढवतो, असं त्यांचं मत होतं आणि ते चुकीचं नव्हतं.

ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी बाबा कुंडातून बाहेर आले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि बाकावर बसले. परत उठले नाहीत.

त्यांच्या कॉम्प्युटरवर सोलरूनला ‘माझी’ नावाची फाइल सापडली. पत्रिका तयार होती. भजनं निवडलेली होती, तीन, सगळी छोटी. फोटोत बाबा तिकाटण्यावरच्या दुर्बिणीशेजारी उभे होते, करडी दाढी, करडा स्वेटर, करडं आभाळ. फक्त तारखेची जागा मोकळी होती. सगळ्यात खाली, न छापण्याच्या भागात, एक ओळ: घरी छापावी. दीडशे प्रती. दुकानात देऊ नये.

अंत्यविधी पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी एक वाजता होता. गुरुवारी दुपारी सोलरूनने तारीख घातली आणि एक प्रत काढून पाहिली. पहिलं पान नीट आलं. दुसऱ्या पानावर दुसऱ्या भजनाच्या मध्येच अक्षरं फिकी झाली आणि तिसऱ्यापर्यंत पोचलीच नाहीत. काळी शाई संपली होती. कपाटातल्या शाईच्या फळीवर रिकामं खोकं होतं आणि त्यावर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी: दाग्नी, ऑक्टोबरअखेर.

तेव्हा सोलरूनने त्या घरात नऊ वर्षांत कुणी केलं नव्हतं ते केलं. ती दुकानात गेली आणि काळं कार्ट्रिज विकत घेतलं. बारा हजार क्रोना. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पिशवी हवी का, पिशवीचे वेगळे पडतील. सोलरून म्हणाली, कोटाच्या खिशात मावेल. बारा हजारांची वस्तू खिशात मावते हेही तिला त्या दिवशीच कळलं. ती सेहेचाळीस वर्षांची होती, शहराच्या ग्रंथालयात काम करत होती, बाबांच्या सतरा पत्रांपैकी निम्म्यांचं इंग्रजी तिने तपासून दिलं होतं, आणि हा सगळा लढा वेडेपणाचा आहे असं तिला कायम वाटत आलं होतं. लढा कशाबद्दल आहे याचा मात्र तिला विसर पडला होता. नाहीतर ती दुकानात गेलीच नसती.

घरी येऊन तिने कार्ट्रिज बसवलं. प्रिंटरने ते जरा हलवून पाहिलं आणि पडद्यावर लिहिलं: हे कार्ट्रिज आपल्या प्रदेशासाठी नाही.

तिने कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन लावला. बावीस मिनिटं व्हायोलिन ऐकल्यावर एका माणसाने फोन घेतला आणि आपलं नाव राडोस्लाव सांगितलं. तो सोफिया शहरात बसला होता, म्हणजे कंपनीच्या हिशेबाने गल्लीतच. त्याने प्रिंटरचा क्रमांक विचारला, खातेदाराचं नाव विचारलं. तिने सांगितलं, कोल्बेन ऑर्मसन.

“आणि आपण?”

“सोलरून कोल्बेन्सदोत्तिर. त्यांची मुलगी.”

राडोस्लाव अगदी सौजन्याने म्हणाला, आडनाव जुळत नाही. घरात ऑर्मसन आडनावाचं दुसरं कुणी आहे का? सोलरूनने समजावून सांगितलं, की इथे आडनाव म्हणजे बापाचं नाव. बाबा ऑर्मचा मुलगा म्हणून ऑर्मसन, ती कोल्बेनची मुलगी, भाऊ कोल्बेनचा मुलगा, आणि आई होती ती तर आणखी तिसऱ्याचीच. एका दारावर चार माणसांची चार नावं. राडोस्लावने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की फार रंजक आहे, पण नियमाप्रमाणे त्याला खातेदाराशीच बोलावं लागेल.

“ते फोनवर येऊ शकत नाहीत,” सोलरून म्हणाली.

“मग कधी करू? उद्या दुपारी असतील का?”

सोलरूनने टेबलावरच्या त्या एका अर्धवट पत्रिकेकडे पाहिलं. “उद्या दुपारी एक वाजता ते चर्चमध्ये असतील. त्यांच्याच अंत्यविधीला. त्याची पत्रिका छापायची आहे.”

पलीकडे काही क्षण नुसती बटणं वाजत राहिली.

“खात्याबद्दल मला तुमच्याशी बोलता येणार नाही,” राडोस्लाव म्हणाला. त्याचा आवाज आता जरा खाली आला होता. “पण खात्यावर आमच्या लोकांनी एक सूचना लिहून ठेवली आहे, आणि ती वाचून दाखवू नये असं कुठे लिहिलेलं दिसत नाही. ‘या ग्राहकाशी भूगर्भशास्त्रावर बोलू नये.’”

सोलरून दहा दिवसांत पहिल्यांदा हसली. हसू आलं ते नीट थांबेना, म्हणून तिने फोन तोंडापासून लांब धरला.

“खाली आणखी एक ओळ आहे,” राडोस्लाव थोड्या वेळाने म्हणाला. चार वर्षांपूर्वी कंपनीने सद्भावना म्हणून या ग्राहकाला सोळा आकडी क्रमांक टपालाने पाठवला होता. तो घातला की प्रिंटरचा प्रदेश बदलून युरोप होतो आणि इथली शाई चालते. एकदाच बदलतो, मग कधी मागे फिरत नाही. तो क्रमांक वापरला गेलेला नाही. “त्यांच्या कागदांत बघा. मी तुम्हाला काहीही सांगितलेलं नाही.” मग तो म्हणाला, की आता यंत्र विचारेल, आजच्या सेवेबद्दल समाधानी आहात का, तर उत्तर दिलं नाही तरी चालेल.

सोलरूनने ‘हो’चं बटण दाबलं. त्या खात्यावरून कंपनीला गेलेला तो पहिला होकार असावा.

पत्र सापडायला वेळ लागला नाही. बाबांच्या निळ्या फायलीत सगळं तारीखवार होतं. पंधराव्या पत्राच्या मागे कंपनीचं ते पत्र, त्यात सोळा आकडे, आणि त्यांच्यावर तिरपी लाल पेन्सिल: शरणागती. नामंजूर.

चार वर्षं क्रमांक घरात होता. सोळा बटणं दाबली असती तर कोपऱ्यावरच्या दुकानातून शाई आणता आली असती. त्याऐवजी त्यांनी माणसांच्या सुना आणि नातू कामाला लावले होते, कारण ते आकडे दाबणं म्हणजे घर युरोपात आहे असं लिहून देणं.

संध्याकाळच्या विमानाने तिचा भाऊ उल्फार आला. तो तिच्याहून तीन वर्षांनी लहान, देशाच्या पूर्व किनाऱ्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात होता. चिरेच्या पलीकडे गेल्यामुळे बाबा लोकांना सांगत, मुलगा युरोपात स्थायिक झाला. उल्फारने कोट काढला, प्रिंटरचा पडदा वाचला, पत्र वाचलं आणि लाल पेन्सिल वाचली.

“सोळा आकडे आहेत, सोलरून. दाब आणि मोकळी हो. बाबांना काही कळणार नाही.”

“प्रिंटरला कळेल.”

“प्रिंटरला.” त्याने प्रिंटरकडे पाहिलं. “अगं, मग दुकानात देऊ. सकाळी आठला टाकलं तर बारापर्यंत देतात. चांगला जाड कागद असतो.”

“एक्केचाळीस जणांच्या पत्रिका इथे निघाल्या. त्या सगळ्यांची माणसं उद्या येणार. त्यांच्या हातात दुकानाची पत्रिका द्यायची? बाबांची?”

“मग आकडे दाब.”

“आणि छापायचं कशाने? युरोपच्या शाईने?”

“शाईच आहे ती. तुझं हे ग्रंथालयात बसून झालंय, का आधीपासूनच होतं?”

“तू युरोपात राहतोस. तुला नाही कळायचं.”

हे वाक्य बाबांचं होतं. उल्फारने उठून कॉफी ठेवली.

दाग्नी वरच्या मजल्यावर राहायची आणि विमानात हवाई सेविका होती. कुंडाबाहेरची बाबांची सगळ्यात भरवशाची हमाल तीच. सोलरूनने तिला निरोप टाकला. उत्तर बॉस्टनहून आलं: दोन काळी घेतलीत, माझ्या बॅगेत आहेत, कोल्बेनने पैसे मागेच देऊन ठेवलेत. उद्या सकाळी साडेसहाला उतरते. आठपर्यंत घरी.

उल्फारने निरोप वाचून खांदे उडवले. पण दुकानाला फोन केला नाही.

सकाळी पावणेसातला विमानतळाच्या यादीत बॉस्टनच्या पुढे लिहिलं होतं: वादळामुळे विलंब, अपेक्षित वेळ दुपारी दीड. म्हणजे बाबा एक वाजता हजर आणि शाई अर्धा तास उशिरा.

आठ वाजता उल्फारने छपाईच्या दुकानाला फोन लावला. पंच्याऐंशी हजार क्रोना, घाईचे धरून. त्याने हात फोनवर ठेवला आणि बहिणीकडे पाहिलं. ती टेबलाशी बसली होती, कंपनीचं पत्र समोर. ती म्हणाली, दहा मिनिटं दे. उल्फार दुकानदाराला म्हणाला, दहा मिनिटांत सांगतो, आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला.

सोलरूनने एकेक करून सोळाही आकडे घातले. पडद्यावर प्रश्न आला: या उपकरणाचा प्रदेश युरोप, मध्यपूर्व व आफ्रिका असा करण्यात येत आहे. ही कृती रद्द करता येणार नाही. आपली खात्री आहे का?

ती बारा वर्षांची असताना बाबांनी तिला एका उन्हाळ्यात कामावर नेलं होतं. लाव्हाच्या काळ्या माळावर दोन पितळी खिळे ठोकलेले, एक या बाजूला, एक त्या बाजूला, मध्ये माणूस उतरेल एवढी चीर. मोजपट्टीचं एक टोक तिच्या हातात दिलं होतं. वारा होता, पट्टी थरथरत होती, ती घाबरून ओढायला लागली. पलीकडून बाबा ओरडले नाहीत. नेहमीच्या आवाजात म्हणाले, “ओढू नकोस. सोडूही नकोस. नुसती धर.” पट्टीवरचा आकडा त्यांनी तीनदा वाचला आणि तिसऱ्यांदाच लिहून घेतला.

तिने ‘नाही’ दाबलं.

मग ती उठली आणि दुकानातलं काळं कार्ट्रिज काढून टाकलं. जुनं रिकामं परत बसवलं नाही. ती जागा तशीच उघडी ठेवली. कुंडातल्या थोर्गिल्सची बायको गेली तेव्हा बाबांनी हेच केलं होतं, तिला आत्ता आठवलं. काळ्याची जागा मोकळी ठेवली की प्रिंटर आधी कुरकुर करतो, मग नाइलाजाने रंगीत कार्ट्रिजमधले निळा, लाल आणि पिवळा एकत्र करून काळ्यासारखं काहीतरी काढतो. रंगीत कार्ट्रिज बॉस्टनचं होतं. त्याच्याबद्दल प्रिंटरला काही हरकत नव्हती.

“दुकानाला काय सांगू?” उल्फारने आतून विचारलं.

“नको म्हणून सांग. आणि इकडे ये, घड्या घालायला लाग.”

मिनिटाला दोन कागद. एक बाजू झाली की गठ्ठा उलटा करून परत घालायचा. काळ्यासारखा तो रंग जवळून पाहिला तर तपकिरी होता, पण बाबा ओळखू येत होते आणि भजनं वाचता येत होती. उल्फार घड्या घालत होता, नखाने घडी दाबत होता. लहानपणी दोघांना हेच काम असे आणि उल्फारची घडी नेहमी तिरकी येई. आताही येत होती. साठ झाल्या, सत्तर झाल्या. नव्वदीच्या आसपास निळा संपला.

हे आधी उल्फारच्या लक्षात आलं. त्याने एक प्रत उजेडात धरली. बाबांच्या दाढीला तांबूस झाक आली होती. पुढच्या दहा प्रतींत स्वेटर तांबडा झाला, त्याच्या पुढच्या दहांत आभाळ. शेवटच्या तीसेक प्रतींत बाबा दुर्बिणीशेजारी कान, नाक, कपाळ लालबुंद करून उभे होते, जन्मभरात कधी न घातलेल्या लाल स्वेटरमध्ये.

“हे वाटायचं?” उल्फारने विचारलं.

“वर करड्या ठेव, खाली लाल. मागच्या बाकांवर जातील. तिथे नाहीतरी सगळे चष्मा विसरून येतात.”

एकशे सत्तेचाळीस झाल्या आणि लालही संपला. नुसत्या पिवळ्या रंगात बाबा दिसत नव्हते. तीन कमी पडल्या.

उल्फारने पत्रिकांचं खोकं चर्चमध्ये नेलं आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे दिलं. त्या माणसाने ते नीट टेबलावर उपडं केलं. त्यामुळे लाल बाबा आधी वाटले गेले, पुढच्या बाकांवर, घरच्यांना, कुंडातल्या सहा जणांना आणि पाद्री ह्याल्तीला. ह्याल्तीने वेदीपाशी उभं राहून प्रत उघडली, जरा थबकला आणि मग काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पहिलं भजन सांगितलं. पाद्र्यांना त्याचं शिक्षण देत असावेत. सोलरून पहिल्या बाकावर बसून समोर पाहत राहिली. भजनं छोटीच होती. भजनाला सगळे उठत, तेव्हा ती शेवटपर्यंत उभी राहू शकली.

नंतर शेजारच्या सभागृहात कॉफी होती. साखर भुरभुरलेली धिरडी होती, कोळंबी आणि मेयोनेज घातलेला तो थरांचा पाव होता, जो कुणालाच आवडत नाही आणि सगळे दोनदा घेतात. कुंडातला थोर्गिल्स बशी न घेताच सोलरूनकडे आला. तो एक्याऐंशीचा होता. त्या मंगळवारी बाकावर बाबांच्या शेजारी तोच होता. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून पत्रिका काढली.

“याला लाल कुणी केलं?”

“काळी संपली. बॉस्टनचं विमान उशिरा आहे.”

थोर्गिल्सने मान हलवली. त्याला याहून जास्त सांगायची गरज नव्हती. “दुकानात नाही दिलंस.”

“नाही.”

“आणि तो आकडा? होता ना त्याच्याकडे एक.”

“नाही दाबला.”

थोर्गिल्स बराच वेळ फोटोकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “त्या दिवशी असाच दिसत होता, बाकावर. कुंडातून नुकताच निघालेला. लालेलाल. मी त्याला म्हटलं, कोल्बेन, उकडलास की काय. तर म्हणाला, पाणी आज बरं होतं.” त्याने पत्रिकेची घडी नीट केली, उल्फारची तिरकी घडी होती ती, आणि खिशात ठेवली. “मी ही ठेवतो. करड्या तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या.”

बाबा शेवटचं काय बोलले हे सोलरूनला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. पाणी आज बरं होतं. तिने ते मनात दोनदा म्हणून पाहिलं आणि थोर्गिल्ससाठी धिरडी आणायला गेली, कारण त्याच्या हातात अजून काही नव्हतं.

थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की हॉलमध्ये काहीतरी देवघेव चालली आहे. थोर्गिल्सने कुंडात बातमी पोचवावी तशी पोचवली होती. ज्यांना करडी आली होती ते लाल मागत फिरत होते. एका मावशीने दोन करड्यांच्या बदल्यात एक लाल घेतली आणि आपण फसलो की काय अशा नजरेने पत्रिकेकडे पाहत राहिली. उल्फार कोपऱ्यात उभा राहून हे बघत होता. तो म्हणाला, “बाबांनी भाव लावला असता.”

“बॉस्टनचा,” सोलरून म्हणाली.

तीन वाजता दाग्नी आली, गणवेशातच, चाकांची बॅग ओढत. सरळ विमानतळावरून. तिने उभ्याउभ्या बॅग उघडली आणि मोज्यांच्या जोडीत गुंडाळलेली दोन कार्ट्रिज काढून सोलरूनच्या हातात दिली. “उशीर झाला,” ती म्हणाली. सोलरून म्हणाली, चालेल. मग दाग्नीने तिला जवळ घेतलं आणि कार्ट्रिज दोघींच्या मध्ये टोचत राहिली.

दुकानातून आणलेलं बारा हजारांचं कार्ट्रिज पाद्री ह्याल्तीने मागून घेतलं. खोकं फोडल्यामुळे दुकान परत घेत नव्हतं, आणि चर्चच्या कचेरीतला प्रिंटर इथेच विकत घेतलेला, म्हणजे युरोपातला होता. चर्च खरं तर बाबांच्या घराच्या चारशे मीटर पश्चिमेला आहे, आणखी अमेरिकेत. पण त्याबद्दल कुणी कंपनीला लिहिलं नव्हतं.

शनिवारी सोलरूनने काळं कार्ट्रिज बसवलं. प्रिंटरने ते ओळखलं आणि एका शब्दाने कुरकुर केली नाही. तिने आधी राहिलेल्या तीन प्रती काढल्या. दीडशे झाल्या. मग निळी फाइल उघडली आणि बाबांच्या पत्रांच्या ठेवणीवर अठरावं पत्र लिहिलं. नकाशा जोडला, तक्ता जोडला. लिहिलं, की खातेदार वारले आहेत, मुद्दा मात्र जिवंत आहे. सतराव्या पत्रानंतर दीड वर्षांत घर युरोपपासून आणखी तीन सेंटिमीटर लांब गेलं आहे, तरी कंपनीने विलंब न लावता विचार करावा. पूर्वेबद्दल आमची अजूनही तक्रार नाही. आपली सूचना आम्हाला कळली आहे. भूगर्भशास्त्रावर बोलू नये ही विनंती मान्य करता येत नाही, याबद्दल दिलगीर आहे. राडोस्लावबद्दल तिने अर्थातच एक अक्षर लिहिलं नाही. खाली पूर्ण सही केली, सोलरून कोल्बेन्सदोत्तिर.

उल्फार तेव्हा विमानतळावर निघाला होता, युरोपात परत. त्याने दारात बूट घालताना पत्र वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि पाकीट वाटेत टाकतो म्हणून खिशात घातलं.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभारी आहोत, हे उत्तर आपल्याला उपयोगी पडलं का?

सोलरूनने ‘नाही’वर खूण केली आणि कारणं लिहायला दुसरा कागद घेतला.